मिठात धुतलेला फोटो

माझ्या साडूंइतका माणसाला संताप आणणारा गृहस्थ भाईंदरच्या खाडीच्या अलीकडच्या काय किंवा पलीकडच्या काय, कुठल्याच काठाला आजवर जन्मला नाही आणि यापुढे जन्मेल असंही मला वाटत नाही. संताप हा शब्द मी विचार करून वापरतोय. बायकोवर माणूस चिडतो, साहेबावर मनातल्या मनात रागावतो, कपडे हरवणाऱ्या धोब्याचा त्याला वैताग येतो. साडूंच्या बाबतीत हे सगळं एकदम यायचं. बरं, आपण आवाज चढवून मनसोक्त बोलून घ्यावं, तर बोलून झाल्यावर हा माणूस असा काही चेहरा करायचा, की आपणच कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलंय असं वाटावं. आणि मग पाच मिनिटांनी तोच माणूस आपल्याच खोलीत येऊन आपलाच चहा पीत आपल्याला विचारणार, "साडू, तुजं डोकं दुकतंय काय रं?" या प्रश्नाचा मला जेवढा राग आलाय तेवढा उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशाचाही आला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. साडू राई गावचे आणि मी शेजारच्या मुर्ध्याचा. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरातली. माझ्या बाबांनी मात्र स्वतः गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मला शाळेत घातलं, आणि साडूंच्या घरी शाळा हा मिठागराला लागलेला रोग आहे असं समजत. तरीही मोंबाशाला आधी गेले ते साडूच. आफ्रिकेच्या त्या बंदरावर मालाच्या वजनकाट्यावर त्यांना काम मिळालं, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून मलाही रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून चिकटवलं. एकाच चाळीत, एकाच अंगणाच्या दोन बाजूंना आमच्या खोल्या. म्हणजे माझी भाकरी या माणसामुळे होती, आणि ती सुखानं घशाखाली उतरत नव्हती तीही याच माणसामुळे.

दिसायला उंच, वाळलेले, उन्हानं रापून काळेभोर झालेले. अंगात कोट, खाली अर्धी चड्डी आणि पायांत काही नाही. मिठावर चालून चालून त्यांचे तळवे असे झाले होते की बूट घातला तर बूट फाटायचा. तोंडात कायम एकच वाक्य: "ह्यात काय हाय?" म्हणजे यात काय अवघड आहे. हे वाक्य ऐकू आलं की चाळीतली माणसं आपापल्या वस्तू उचलून आत न्यायची. माझं भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं, तेव्हा "ह्यात काय हाय" म्हणून त्यांनी ते उघडलं, आणि पुन्हा बंद केल्यावर मूठभर चाकं बाहेर उरली. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही जास्तीची हुती." अक्कांचं शिवणयंत्र त्यांनी दुरुस्त केल्यापासून फक्त मागे शिवायचं. अक्का बिचाऱ्या कापड उलट धरून शिवायला शिकल्या, पण नवऱ्याला बोलल्या नाहीत. त्यांचाही मला राग यायचा.

त्यांच्या दोन श्रद्धा होत्या. पहिली मिठावर. मोंबाशाच्या बाजारात मीठ मिळत नव्हतं अशातला भाग नाही, समुद्रकाठचंच गाव ते. पण साडूंना राईच्या आपल्या वाफ्यातलं मीठ लागायचं. गावाकडून कुणी बोटीनं येणार असलं की त्याच्या बोडक्यावर मिठाचं पोतं. लोक लोणची मागवतात, पापड मागवतात. हा माणूस समुद्र ओलांडून मीठ मागवायचा. कुणाच्या घरी जेवायला गेलं की पानात वाढलेलं मीठ आधी जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. यजमानीण ताटकळत उभी. मग निकाल: "हे मीठ न्हाय. ही माती हाय. जनावराला घाला." एका भल्या गुजराती घरात त्यांनी हे केलं आणि कोटाच्या खिशातून आपली पुडी काढून सगळ्या पंगतीला मीठ वाढत सुटले. मी मान खाली घालून पानातला भात चिवडत बसलो. पुढं त्या घरचं आमंत्रण आम्हाला कधी आलं नाही.

दुसरी श्रद्धा उन्हावर. खाडीकाठच्या खाजणात भरतीचं पाणी घ्यायचं, उघाडी म्हणजे बांधातली झडप बंद करायची आणि ऊन काम करील तसं बघत बसायचं, असं ज्याचं बालपण गेलं त्याला जगातली प्रत्येक वस्तू उन्हात पक्की होते असं वाटलं तर नवल नाही. पण म्हणून माझ्या हिवतापाच्या गोळ्या? माझे ऑफिसचे कागद? पावसाळी दिवसांत माझा पासपोर्ट त्यांनी उशीखालून काढून अंगणात पाटावर वाळत घातला आणि वर दगड म्हणून खोबऱ्याची वाटी ठेवली. तेलाचा तो गोल डाग शेवटपर्यंत माझ्या फोटोच्या कपाळावर होता. परतीच्या वेळी गोऱ्या अधिकाऱ्यानं तो बोटानं पुसून बघितला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आम्हाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. मोंबाशाला गेल्यावर सुमन झाली. मुर्ध्याला माझे बाबा एकटे होते. आई लवकर गेलेली, दम्यानं ते खंगलेले. नात झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी गावच्या मास्तरांकडून लिहून पाठवलं, की रजा घेऊन ये आणि पोरीचं तोंड दाखव, मग माझी काही तक्रार नाही. रजा मंजूर झाली होती. आणि नेमकी लढाई सुरू झाली. रजा रद्द, बोटीत बायकामुलांना जागा नाही, कधी मिळेल कुणी सांगेना. बाबांचं पुढचं पत्र आलं, की बरं, येता येत नसेल तर पोरीचा फोटो तरी पाठव, माझा भरवसा नाही. ते पत्र वाचून दाखवताना माझी बायको अर्ध्यात थांबली.

बाजारात फोटोचं दुकान होतं, तिथं आम्ही सुमनला नेलंही. फोटोवाल्यानं डोक्यावर काळं फडकं घेतल्याबरोबर तिनं जी किंकाळी फोडली ती घरी येईपर्यंत थांबली नाही. त्या दिवशी तिला ताप भरला आणि बायकोनं मला शपथ घातली, की पोरीला पुन्हा त्या फडक्यासमोर न्यायचं नाही. साडू दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "आपनच कॅमेरा घेऊ. ह्यात काय हाय?"

मी नको म्हणालो. बायको नको म्हणाली. अक्कासुद्धा, ज्या कधी नको म्हणत नसत, नको म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी साडू मला हाताला धरून त्याच दुकानात घेऊन गेले. दुकानाचे शेठ काठेवाडी, मोठा सज्जन माणूस. त्यांनी काचेखालचा घडीचा कॅमेरा काढला, झाकण उघडलं, लोहाराच्या भात्यासारखा काळा भाता बाहेर आला. साडूंनी तो कानाशी धरला, हुंगला, आणि मी हात धरायच्या आत त्याच्या पितळी कडेला जीभ लावली. शेठ म्हणाले, "भाई, ये चाखने की चीज नथी." साडू म्हणाले, "पितल चांगला हाय, घे." मग शेठनी फोटो धुवायची सगळी सामग्री मांडली आणि बरणीतले पांढरे खडे दाखवून सांगितलं, की हा हायपो, यात बुडवल्याशिवाय फोटो टिकत नाही. साडूंनी तोही खडा तोंडात टाकला. "मीठच हाय," ते माझ्या कानात म्हणाले. "कडू मारतंय जरा. कुजक्या वाफ्यातलं असंल. नाव बदलून विकतात चोर." मी कॅमेऱ्याचे पैसे मोजले आणि त्यांना ओढत बाहेर काढलं.

घरी आल्यापासून कॅमेरा त्यांच्या गळ्यात. जेवताना गळ्यात, झोपताना उशाशी. मी हात पुढे केला की म्हणायचे, "थांब, तुला न्हाय समजायचं." आणि समजावून कुणाला सांगायचे, तर चाळीतल्या सगळ्यांना. कॅमेरा म्हणजे मिठागर. पुढची काच ही उघाडी; ती उघडली की पाण्याच्या जागी उजेड आत येतो; बंद केली की आत अडकतो; मग त्याचा फोटो जमतो. खरं सांगायचं तर मी ऐकलेल्या सगळ्या स्पष्टीकरणांत हे त्यातल्या त्यात बरं होतं, आणि म्हणूनच पुढं जे झालं ते झालं.

पहिला अख्खा रोल त्यांनी सुमनचा काढला. झोपलेली, दूध पिताना, अक्कांच्या कडेवर. पोर या कॅमेऱ्याला घाबरली नाही, आम्ही सगळे खुश. संध्याकाळी रोल दुकानात द्यायचा असं ठरवून मी ऑफिसला गेलो. दुपारी जेवायला आलो तर अंगणात कपड्यांच्या दोरीवर ती फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून चिमट्यांनी अडकवलेली, उत्तनला वाळत घातलेल्या बोंबलासारखी. खाली साडू कावळे हाकत बसले होते.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"ऊन दाखवतोय. वलं हाय अजून."

"काय ओलं आहे?"

"फोटू. आत उजेड घेतला, आता तो पक्का नको व्हायला? वाफ्यात पानी घेतलं आनि झाकून ठेवलं, तर मीठ हुतंय काय? ऊन लागतं त्याला."

न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की सगळं पुसून जातं; अख्खा रोल गेला होता. अंगात नुसता जाळ. मी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि न जेवता ऑफिसला परत गेलो. रात्री आलो तर अक्कांनी माझ्यासाठी ठेवलेल्या ताटातली मासळीची तुकडी साडूंनी खाल्लेली होती, कारण त्यांना वाटलं मी रागावलोय म्हणजे जेवणार नाही.

दुसऱ्या रोलच्या वेळी मी ताकीद दिली, की फिल्म काढायची नाही, उघडायची नाही, मी स्वतः दुकानात नेणार. ती त्यांनी पाळली. पण फोटो काढायला आम्हाला घेऊन गेले बंदरावर. म्हणे पोरीच्या मागं काहीतरी भरीव दिसलं पाहिजे, नाहीतर बाबांना वाटेल परदेशात नुसतं आभाळ आहे. साडूंना सापडलेली भरीव गोष्ट म्हणजे सरकारची लढाऊ बोट. बंदरात कॅमेरा न्यायला बंदी आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बंदी बोटींच्या फोटोला आहे, लहान पोरींच्या फोटोला नाही, असा त्यांचा हिशेब. दोन शिपाई आरडाओरडा करत आले आणि आम्हाला चौकीवर घेऊन गेले. सबंध दुपार मी त्या बाकावर बसलो होतो आणि माझी नोकरी माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. सुमन शिपायाच्या मांडीवर झोपून गेली. आणि साडू? साडू त्या शिपायाला अर्ध्या तिथल्या भाषेत आणि अर्ध्या आपल्या आगरी बोलीत मिठागर समजावून सांगत होते. गोरा साहेब आला, त्यानं रोल काढून घेतला, दम भरला, कॅमेरा परत दिला. उठता उठता साडूंनी त्याला विचारलं, "साहेब, तुमचा एक काढू?" रस्त्यानं येताना मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकलं, सुमनला माझ्याकडून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "तुजं डोकं दुकतंय काय रं?"

बाबांची पत्रं येणं त्या काळात कमी झालं. आलं की त्यात मास्तरांचा स्वतःचा मजकूर वाढत चाललेला आणि बाबांची वाक्यं कमी होत चाललेली. एकदा नुसतं लिहून आलं, की फोटोचं काय झालं ते कळवणे. अशात उत्तनचा पास्कू म्हणून एक ख्रिस्ती खलाशी आमच्याकडे आला. त्याची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला सुटणार होती. म्हणाला, "मी मुर्ध्यावरनंच घरी जातू. काय देवाचं आसंल तर द्या, म्हताऱ्याच्या हातात देन." पुन्हा अशी बोट कधी मिळेल कोण सांगणार. तिसरा रोल कॅमेऱ्यात होता.

लगेच ओसरीवर सुमनला उभं केलं तर ती कॅमेरा बघून तोंड फिरवायला लागली. बंदरावरच्या आरडाओरड्यापासून तिला त्याची धास्ती बसली होती. बायको खुळखुळा वाजवते, अक्का काऊ-चिऊ करतात, मी घाम पुसतोय. आणि अचानक साडूंनी अंगणात उतरून वाफ्यातलं मीठ ओढायचं सोंग सुरू केलं. हातात नसलेलं फावडं, पायाखाली नसलेलं पाणी, कमरेत वाकून ओढतायत, घसरतायत, सावरतायत. हे सगळं गळ्यात कॅमेरा लटकलेला असताना. पोर आधी बघत राहिली आणि मग अशी खदखदून हसली की तिची उगवत असलेली दातांची जोडी दिसली. साडू वाकले होते तसेच थांबले आणि खालूनच त्यांनी उघाडी उघडली आणि बंद केली. मला पहिल्यांदाच त्या माणसाचा राग आला नाही.

शेठनी घाईघाईनं निगेटिव्ह धुऊन दिली, पण फोटो छापून द्यायला वेळ नव्हता. साडू म्हणाले, मी छापतो. ते दुकानातून कागद आणि औषधं घेऊन आले, न्हाणीघराला आतून घोंगडी लावली, कंदिलाला लाल फडकं गुंडाळलं आणि दिवेलागणीला आत शिरले. बाहेर आले तेव्हा हातात पाण्यानं भरलेली परात, आणि पाण्यात तरंगत दोन सुमनी हसत होत्या. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. बायको माझ्याकडे बघून हसली, कितीतरी दिवसांनी. मी पुढे होऊन साडूंच्या हातातली परात धरली. एक फोटो पाकिटात घालून पास्कूकडे दिला, दुसरा आमच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी साडूंनी निगेटिव्ह पुन्हा एकदा स्वच्छ धुऊन भर उन्हात पत्र्यावर वाळत घातली, आणि ती वितळून पत्र्याला चिकटली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण फोटो बोटीवर होता, बाबांकडे चालला होता. मी म्हणालो, असू दे.

मग आमच्या भिंतीवरचा फोटो बदलायला लागला. आधी कडेनं तपकिरी, मग आतवर. सुमनचं झबलं गेलं, मग हात गेले, मग चेहऱ्यावर जणू संध्याकाळ उतरायला लागली. मी फोटो काढून शेठकडे नेला. त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "इसको हायपो नहीं लगा." मी म्हटलं, तुम्हीच तर दिलात. ते म्हणाले, "उस दिन हायपो बचा ही कहाँ था? थोड़ा था, नेगेटिव में लग गया. मैंने बोला, चार दिन रुको."

मी घरी आलो. साडू अंगणात वजनकाट्याची साखळी साफ करत बसले होते. मी फोटो त्यांच्या पुढ्यात टाकला आणि विचारलं, याला काय लावलंत.

"मीठ," ते म्हणाले. "आपलं राईचं. चांगलं दाट पानी केलं हुतं. त्याच्या हायपोपरीस सरस." मग त्यांनी फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांचा तो चेहरा व्हायला लागला. पण या वेळी मी त्या चेहऱ्याला भीक घालणार नव्हतो.

मी म्हणालो, "तुमची अक्कल त्या वाफ्यातच बुजवून आला होता का? हायपो नाही हे मला सांगायला काय धाड भरली होती? माझा बाप तिकडे शेवटच्या श्वासावर आहे. त्यानं जन्मात एक गोष्ट मागितली, आणि त्याच्या हातात तुम्ही काळा होणारा कागद दिलात. तो रोज बघेल आणि रोज त्याची नात त्याच्या डोळ्यांदेखत पुसत जाईल. यापुढं माझ्याशी बोलू नका."  माझं डोकं दुखतंय का असं त्यांनी विचारलं नाही.

बाबांना मी लगेच लिहिलं, की फोटो उजेडात ठेवू नका, पेटीत ठेवा. उत्तर यायला महिने लागले. मास्तरांच्या अक्षरात होतं, की पेटीत कशाला, दारासमोरच लावलाय, येणारा-जाणारा बघतो, पोरगी गुणाची दिसते. त्यानंतर फोटोबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही, आणि त्यांनीही काही लिहिलं नाही.

लढाई संपेपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही. समोरासमोरच्या ओसऱ्यांवर बसायचो आणि निरोप बायकांमार्फत जायचे. अंगणातला नळ गळतोय एवढं सांगायलासुद्धा ते अक्कांना सांगणार, अक्का हिला, ही मला. कॅमेरा ट्रंकेत गेला. अक्कांनी एकदा हिला सांगितलं, की मिठाचं पोतं त्या दिवसापासून त्यांनी उघडलेलंच नाही, बाजारातलं मीठ मुकाट्यानं खातात, चांगलं-वाईट काही म्हणत नाहीत. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. एवढी वर्षं आमची तोंडं आंबट केली आणि आता हा शहाणपणा कुणासाठी?

लढाई संपली आणि आम्हाला सगळ्यांना एकाच बोटीत जागा मिळाली. बाबा जिवंत होते. मी शेवटचा श्वास म्हटलं होतं, पण त्यांनी तो भलताच लांबवला होता. भाईंदरला उतरून आम्ही टांगा केला. मुर्धा आलं. साडूंचं राई पुढे होतं, त्यांनी तसंच पुढे जायला हवं होतं. पण तेही आमच्याबरोबर उतरले. हातात ट्रंक घेऊन सगळ्यांच्या मागून, कुणाच्या नजरेला पडू नये असे चालत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाबांच्या भिंतीवरचा तो कागद मी या माणसाला सगळ्यांसमोर दाखवणार होतो. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं त्या ओट्यावर ओतणार होतो.

बाबा ओट्यावर बसले होते. अंगात हाडं आणि सदरा, बाकी काही नाही. आजूबाजूची माणसं जमली होती. सुमन आता मोठी झालेली, माझ्या बायकोच्या मागे लपली होती. बाबांनी तिला हाक मारली नाही. शेजारच्या बाईला म्हणाले, "तो फोटू काड खिल्यावरचा."

बाईनं आतून फोटो आणून दिला. मी बघितला. त्यात काही नव्हतं. चौकट, काच, आणि आत कोकमाच्या सालासारखा एक काळपट लाल कागद. कुठं डोळा नाही, कुठं ओठ नाही. शेजारची बाई म्हणाली, "आमी रोज बगतो ना. हसते कशी." आणखी एकजण म्हणाला, "कपाल बाबाचंच हाय." ही माणसं खोटं बोलत नव्हती. फोटो आला त्या दिवसापासून बाबांनी तो त्यांना इतक्या वेळा दाखवला होता, की कागद काळा होत गेला तरी त्यांना त्यातलं सगळं पाठ होतं. मी वळून बघितलं. मागे साडू ट्रंकेला धरून उभे होते. त्यांनी तो कागद बघितला होता.

बाबांनी सुमनला जवळ बोलावलं. तिच्या गालाशी तो फोटो धरला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा पोरीकडे, पुन्हा फोटोकडे. खूप वेळ बघत होते, श्वास फिसफिस करत होता.  मग त्यांनी मान हलवली.

"बराबर काडलाय," ते म्हणाले. "जरापन फरक न्हाय." आणि मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत, "पावनं, पुडं या. लय सुखात ठेवलाव मला तुमी."

साडू पुढं आले नाहीत. ते तिथंच ट्रंकेवर बसले, कोटाच्या बाहीनं तोंड पुसत राहिले. माझ्या सगळ्या वाक्यांचं काय करायचं ते मला सुचेना. मी जाऊन त्यांच्या शेजारी त्या ट्रंकेवर बसलो. मी विचारलं, "चहा घेणार?" भिंतीवरचा फोटो त्यांच्या पुढ्यात टाकल्यानंतर मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले बरे शब्द.

बाबा त्या पावसाळ्यानंतर गेले. साडू त्यांच्यानंतर काही वर्षांनी. सुमनच्या लग्नात, तिच्या मुलांच्या बारशांत, कितीतरी चांगले फोटो आमच्याकडे जमले, पण दारासमोर मी तो काळा कागदच लावलाय. बाबांची चौकट, बाबांचा खिळा. नवीन माणूस आला की त्याच्यासमोर थांबतो, वाकून बघतो आणि विचारतो, हे काय आहे हो, काही दिसत नाही. तेव्हा मला असा संताप येतो म्हणून सांगू. दिसत नाही म्हणजे काय? पोरगी हसतेय की.